परराज्यातून आलेल्या सुनांची नोंद घ्या : मराठवाड्यातील सरपंच आणि ग्रामपंचायतींना खुले पत्र

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतील सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांस,

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुका न्यायालयात वकिली करते. पोटगी, लेकरांचा ताबा, वारस नोंद, घरातली मारहाण अशाच प्रकरणांत माझा बहुतेक वेळ जातो. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या बायांमध्ये एक वेगळी बाई दिसू लागली आहे. ओडिशातून, छत्तीसगडमधून, मध्य प्रदेशातून, कधी बंगालमधून लग्न होऊन ती आपल्या गावांत आलेली असते. मराठी तिला समजते, पण बोलताना अडखळते. सोबत गल्लीतली एखादी शेजारीण असते आणि तीच बहुतेक सगळं सांगते. मी पहिला प्रश्न विचारते, लग्नाची नोंद कुठे झाली? उत्तर बहुतेक वेळा एकच असतं : नोंद झालेलीच नाही. मग आधार कुठल्या पत्त्यावर आहे, मतदार यादीत नाव आहे का, रेशनकार्डावर आहे का, हे विचारत गेलं की लक्षात येतं, ही बाई गावात चार-पाच वर्षं राहते आहे, तिची दोन लेकरं अंगणवाडीत जातात, पण गावाच्या एकाही दप्तरात तिचं नाव नाही.

ते दप्तर तुमच्या कार्यालयात असतं, म्हणून हे पत्र मी मंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

या सुना आपल्याकडे का आल्या, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. २००१ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८०७ वर आल्या. राज्यात सगळ्यांत कमी आकडा आपल्या जिल्ह्याचा होता. त्या काळात जी मुलगी जन्मालाच येऊ दिली नाही, ती आज लग्नाच्या वयाची झाली असती. ज्या मुली आहेत त्यांच्या आईबापांना नोकरीवाला जावई हवा असतो. कोरडवाहू तीन-चार एकरांच्या शेतकऱ्याच्या मुलाचं स्थळ कुणी बघायलाही येत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये शेजारच्या सोलापुरात लग्नाळू मुलांनी बाशिंग बांधून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला. बऱ्याच जणांनी तो बातमीसारखा वाचून सोडून दिला. मला त्या मुलांचं वाईट वाटलं, आणि आजही वाटतं.

ऊसतोडीच्या गावांत आणखी एक कारण असतं. मुकादमाकडे कोयता लागतो तो जोडीचा, नवरा-बायकोचा. एकट्या गड्याला अर्ध्या कोयत्याची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते. त्यामुळे दिवाळीआधी मुलाचं लग्न उरकायची घाई होते आणि दिवाळीनंतर नवी सून थेट कारखान्याच्या फडात जाते. जिच्या नावावर घराने उचल घेतली, तिला ती रक्कम किती आणि ती फेडायची कशी, हे कुणी सांगितलेलं नसतं. तिला गावही धड माहीत झालेलं नसतं, तोवर ती सांगली-कोल्हापूरकडच्या एखाद्या कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत असते.

परमुलखातली सून ही मराठवाड्याला नवी गोष्ट नाही. देगलूर, बिलोली, किनवट, उदगीर, उमरगा या भागांत बीदर, निजामाबाद, आदिलाबादकडच्या मुली पिढ्यान् पिढ्या सून होऊन आल्या. तेलुगू किंवा कन्नड बोलणारी आजी त्या भागात घरोघर सापडते. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले तेव्हा कित्येक बायांचं माहेर एका रात्रीत दुसऱ्या राज्यात गेलं. तरी त्या एकट्या पडल्या नाहीत. भाऊ बसने एका दिवसात येऊन बहिणीची विचारपूस करून परत जाऊ शकत होता आणि दोन्हीकडचे पाहुणे एकमेकांना ओळखत होते. आज ओडिशातून आलेल्या मुलीच्या बापाला इथे यायचं म्हटलं तर आधी तिकिटाचे पैसे जमवावे लागतात. नांदेडला येणारी नागावली एक्स्प्रेस संबलपूरहून निघते आणि आंध्रातून फिरून येते. त्यापुढे नांदेडहून आपलं गाव. एवढा प्रवास करून बाप आलाच, तर त्याचं बोलणं गावात कुणाला कळत नाही. सासरी भांडण झालं की माहेरी निघून जायचं, चार दिवसांनी मोठी माणसं बसवून समजूत घालायची, हा आपल्याकडचा जुना रस्ता होता. तो तिच्यासाठी बंद आहे. आपल्या गावातल्या इतर सुनांच्या मागे जे माहेर उभं असतं, त्याच्या जागी तिच्यामागे फक्त कायदा आहे. आणि कायदा तिच्यापर्यंत पोचायला मधे ग्रामपंचायत लागते.

आपल्या आजोबा-पणजोबांनी हे वेगळ्या तऱ्हेने भोगलं आहे. निजामाच्या राज्यात कचेरीचा आणि कोर्टाचा कारभार उर्दूत चालायचा. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीच्या कागदावर काय लिहिलंय ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागे आणि वाचणारा जे सांगेल तेच खरं मानावं लागे. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं, त्यानंतर हळूहळू ते बदललं, पन्नासच्या दशकात खासरा पत्रकं (जमिनीच्या नोंदी) झाली, मग सातबारा आला. तरी जुन्या कागदांतल्या घोळाचे दावे आजही आमच्या कोर्टात चालतात. स्वतःच्या गावात राहून कागद न वाचता येणं म्हणजे काय, हे मराठवाड्याला कुणी वेगळं सांगायची गरज नाही. म्हणून या सुनांबद्दलची अपेक्षा मी आपल्याच लोकांकडून जास्त करते.

आता कामाचं बोलते.

महाराष्ट्रात विवाह मंडळांचं (लग्न जुळवणाऱ्या संस्थांचं) नियमन आणि विवाह नोंदणी यांसाठी १९९८ चा कायदा आहे. खेड्यात विवाह निबंधक म्हणून ग्रामसेवकच काम पाहतात. लग्नानंतर ९० दिवसांत नवरा-बायकोने तीन साक्षीदारांसह अर्ज द्यायचा असतो. मुदत उलटली तरी जादा शुल्क भरून नोंद होते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच सांगितलं आहे की लग्न कोणत्याही धर्माचं असो, त्याची नोंद व्हायलाच हवी. तरीही मी गावात हे बोलले की एखादे आजोबा विचारतात, "कामून नोंदवायचं? साऱ्या गावानं पंगतीत जेवण केलंय की." पंगतीला गाव होतं हे खरं. पण पुढे नवऱ्याने "ती माझी लग्नाची बायकोच नाही" असं कोर्टात लिहून दिलं, तर पंगतीतलं कोण साक्षीला येतं? कुणी येत नाही. भावकीशी वाकडं कोण घेणार. गावातल्याच मुलीसाठी निदान तिचा मामा, चुलता उभा राहतो. बाहेरच्या मुलीसाठी तो नोंदणीचा दाखला एवढाच साक्षीदार असतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नुसत्या नोंदणीने लग्न होत नाही. हिंदू विवाह कायद्याप्रमाणे दोन्हींपैकी एका बाजूच्या रीतीने विधी झाले पाहिजेत. लॉजवर हार घालून फोटो काढला आणि शंभराच्या कागदावर 'विवाह करार' लिहून घेतला, असे कागद माझ्यासमोर येतात. नोटरीच्या शिक्क्याने कुणी कुणाची बायको होत नाही. असा कागद घेऊन कुणी ग्रामपंचायतीत आलं तर त्याला परत पाठवू नका, बसवून घ्या आणि लग्न रीतसर करून मग नोंदवायला सांगा.

एक बारकावा बऱ्याच वकिलांच्याही लक्षात राहत नाही. या मुलींमधल्या कित्येक जणी त्यांच्या राज्यात अनुसूचित जमातीच्या असतात. हिंदू विवाह कायद्याचं कलम २ सांगतं की केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय तो कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. उद्या वाद झाला की समोरचा वकील नेमका हाच मुद्दा काढून लग्नालाच आव्हान देतो. अशा जोडप्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा हा सुरक्षित मार्ग आहे. जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे ३० दिवसांची नोटीस द्यायची, तीन साक्षीदार न्यायचे, लग्न पक्कं होतं. आधी विधीने झालेलं लग्नही त्या कायद्याखाली नोंदवता येतं. ग्रामसेवकाने मुलीची जमात विचारून एवढा सल्ला दिला तरी पुढची दहा वर्षांची कोर्टबाजी वाचू शकते. शिवाय सून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आली की तिच्या जातीच्या दाखल्यावर इथे आरक्षण मिळत नाही आणि लग्नाने तिला सासरची जातही लागत नाही. दलाल नेमकं याच्या उलट सांगून मोकळे होतात.

दलालांबद्दल थोडं सविस्तर लिहावं लागेल. "मुलगी दाखवतो, सगळं करून देतो" म्हणून लाख-दोन लाख घेणारा माणूस आता जवळपास प्रत्येक तालुक्यात आहे. मी वर सांगितलेला १९९८ चा कायदा विवाह मंडळांनाही लागू आहे. लग्न जुळवण्याचा धंदा करणाऱ्याने नोंदणी करायची असते. या माणसाकडे तसलं काही नसतं. तो घेत असलेल्या पैशांतला किती हिस्सा मुलीच्या घरी पोचतो हे कुणाला कळत नाही. मुलीला नोकरीचं सांगून आणलेलं असेल, फसवून किंवा धमकावून आणलेलं असेल, तर ती मानवी तस्करी होते आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये त्याला कडक शिक्षा आहे. लग्नासाठी स्त्रीला पळवणं किंवा भाग पाडणं हा कलम ८७ चा वेगळा गुन्हा आहे. संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने माणसाच्या खरेदी-विक्रीला बंदी केली आहे, ती गावच्या वेशीवर थांबत नाही. पोलीस पाटलांनी अशा माणसाची माहिती ठाण्यात द्यायला कुणाची तक्रार येईपर्यंत वाट पाहू नये.

मुलीच्या वयाचा प्रश्न याहून गंभीर आहे. आधार कार्डावरची जन्मतारीख हा वयाचा पक्का पुरावा नाही. शाळेचा दाखला किंवा जन्माचा दाखला मागा. तो नसेल तर तिच्या गावच्या ग्रामपंचायतीला फोन लावा. एका सरपंचाने दुसऱ्या सरपंचाला फोन करायला कुठल्या आदेशाची गरज पडत नाही. भाषा अडली तर हिंदी येणारा एखादा शिक्षक गावात असतोच. मुलगी खरंच त्या गावची आहे का, वय किती, आधी लग्न झालंय का, आईबापांना हे लग्न माहीत आहे का, एवढं दहा मिनिटांत कळतं. ग्रामसेवक हे गावचे बालविवाह प्रतिबंध अधिकारीही आहेत आणि अंगणवाडी सेविका त्यांना साहाय्य करतात. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याप्रमाणे लग्नासाठी विकलेल्या किंवा फसवून आणलेल्या अल्पवयीन मुलीचं लग्न मुळातच रद्दबातल ठरतं. इतर बालविवाहांत ती मुलगी वीस वर्षांची होईपर्यंत लग्न रद्द करून मागू शकते आणि तोवर झालेलं लेकरू कायद्याने औरसच मानलं जातं. हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे, कारण लेकराच्या भीतीनेच कित्येक मुली गप्प राहतात.

आता तिच्या घरातल्या हक्कांकडे येते. आमच्याकडे येणारी प्रत्येक बाहेरची सून एक वाक्य सांगते. सासू म्हणाली असते, नवरा म्हणाला असतो, दीर म्हणाला असतो : "पैसे मोजून आणलीय तुला." एका बाईला तिच्या सासरच्यांनी मारून घराबाहेर काढलं आणि सांगितलं, तू जायचं तर जा, लेकरू आमचं आहे. तिच्या मांडीवर सव्वा वर्षाचं पोर होतं. ती मला विचारत होती, ताई, पोर खरंच त्यांचं आहे का? मी तिला सांगितलं ते इथेही लिहिते. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात बापाचं पालकत्व आधी लिहिलेलं असलं, तरी पाच वर्षांखालच्या लेकराचा ताबा साधारणपणे आईकडेच असावा, असं त्याच कायद्याच्या कलम ६ मध्ये म्हटलं आहे. त्यापुढेही कोर्ट लेकराचं हित पाहतं, कुणी किती पैसे मोजले ते पाहत नाही. आणि पैसे मोजले असतील तर ते सांगणाऱ्यानेच स्वतःविरुद्ध गुन्ह्याचा पुरावा दिलेला असतो.

घरातून तिला असं काढता येत नाही. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा आहे आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू आहे. घर सासऱ्याच्या नावावर असो वा दिराच्या, ती ज्या घरात नांदली तिथे राहायचा तिला हक्क आहे. कोर्टाच्या आदेशाशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. हा कायदा लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या बाईलाही संरक्षण देतो, त्यामुळे "लग्नाची नोंद नाही" म्हणून तिला दारातून परत पाठवायचा अधिकार तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यालाही नाही. पोटगीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे, पूर्वीचं १२५. नवऱ्याने पहिलं लग्न लपवून हिच्याशी लग्न केलं असेल, तर स्वतःच्या फसवणुकीचा फायदा घेऊन त्याला पोटगी नाकारता येणार नाही, असं महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटलं आहे. मुस्लिम घरांत निकाहनामा आणि मेहेर यांची प्रत मुलीच्या हातात हवी. तोंडी तीन तलाक हा २०१९ पासून गुन्हा आहे आणि तलाक झालेल्या मुस्लिम स्त्रीलाही या पोटगीच्या कलमाचा आधार घेता येतो, हे २०२४ च्या निकालाने पुन्हा स्पष्ट झालं. बौद्ध आणि जैन घरांना हिंदू विवाह कायदाच लागू आहे, म्हणून त्यांच्यासाठी वेगळं लिहीत नाही.

मराठवाड्यात वारसाचा प्रश्न इतर कशाहूनही जास्त जाळतो. आपल्याकडे शेतकरी आत्महत्येच्या घरी ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील पहिल्या दिवशी पोचतात. त्या घरात बाहेरच्या राज्यातली तरुण विधवा असेल तेव्हा काय होतं, ते मी पाहिलं आहे. एक लाखाच्या शासकीय मदतीच्या कागदावर तिचा अंगठा घेतला जातो. तेराव्यापर्यंतचे दिवस झाले की कुणीतरी तिला माहेरचं तिकीट काढून देतो. सहा महिन्यांनी फेरफारात दोन दिरांची नावं लागतात आणि वारसांच्या यादीत ती नसते. कायद्याने काय व्हायला हवं होतं? हिंदू वारसा कायद्याप्रमाणे विधवा ही पहिल्या वर्गाची वारस आहे. नवऱ्याच्या आईइतका आणि लेकरांइतकाच तिचा वाटा आहे. भावांना त्यांच्या आधी काही मिळत नाही. सासरा जिवंत असेल आणि पुढे वारला, तर आधी गेलेल्या मुलाची विधवा म्हणून त्याच्या मिळकतीतही ती वारस लागते. मिळालेली जमीन तिच्या पूर्ण मालकीची असते. पुढे तिने दुसरं लग्न केलं तरी आधी मिळालेला वाटा तिच्याकडून काढून घेता येत नाही.

नवरा जिवंत असताना त्याच्या जमिनीत बायकोला आपोआप वाटा मिळत नाही, हेही स्पष्ट सांगितलं पाहिजे. खोटी आशा दाखवून चालत नाही. पण नवऱ्याला मनापासून द्यायचा असेल तर मार्ग आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा गावंच्या गावं बायकांच्या नावे जमीन करायला पुढे आली होती. नंतर शासनानेही लक्ष्मीमुक्ती नावानेच पत्नीचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला (घरांच्या कर आकारणीच्या नोंदीत) घर नवरा-बायको दोघांच्या नावे लावणं तर पूर्णपणे तुमच्या हातात आहे. बाहेरून आलेल्या सुनेच्या घरापासून त्याची सुरुवात करा. तिला त्याची गरज सगळ्यांत जास्त आहे.

तलाठी कार्यालयात वारस नोंदीचा अर्ज आला की गावात जबाब होतात. त्या वेळी "मयताला पत्नी आहे, ती अमुक राज्यातली, सध्या माहेरी गेली आहे" एवढं एक वाक्य सरपंचाने सांगितलं तरी तिचा वाटा टिकतो. ते वाक्य न बोलणं म्हणजे एका बाईची आणि तिच्या लेकरांची जमीन काढून घेण्यात हातभार लावणं आहे. मी हे कठोर शब्दांत लिहिते आहे, कारण ज्या गावांत हे झालं तिथली माणसं वाईट नव्हती, ती फक्त गप्प राहिली.

तिच्या नागरिकपणाकडे वळते. संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने भारताच्या नागरिकाला देशात कुठेही राहायचा, स्थायिक व्हायचा हक्क आहे. आपल्याकडे राहायला आलेली बाई पाहुणी नाही. तिचं नाव आधी दुसऱ्या राज्याच्या मतदार यादीत असेल तर पत्ता बदलायचा नमुना ८ भरायचा, कुठेच नसेल तर नमुना ६. हे मी इतक्या आग्रहाने का सांगते? कारण गावच्या मतदार यादीत ज्याचं नाव तो ग्रामसभेचा सदस्य. यादीत नाव नाही तोवर तिला ग्रामसभेत बसायचाही हक्क नाही, बोलणं दूरच. नाव लागलं की ती ग्रामसभेआधीच्या महिला सभेत येऊ शकते, पाण्याबद्दल, रेशनबद्दल बोलू शकते, वयात बसत असेल तर निवडणूकही लढवू शकते. पंचायतीतल्या निम्म्या जागा आपण बायांसाठी राखल्या आहेत. त्यात या बाया मोजल्या गेल्या पाहिजेत. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा परराज्यात जन्मलेल्या आणि महाराष्ट्रातल्या पुरुषाशी लग्न झालेल्या स्त्रीसाठी नवऱ्याची कागदपत्रं चालतील, असं शासनाने वेगळं लिहिलं. म्हणजे या सुना आहेत हे राज्याला मान्य आहे. त्या दीड हजारांसाठी बँकेत खाती उघडली गेली. त्यातली किती खाती खरंच तिच्या हातात आहेत आणि किती पासबुकं सासूच्या पेटीत आहेत, याकडे आशाताईंनी जरा लक्ष ठेवावं. आधार, बँकेचं पुस्तक, मोबाइल या तीन वस्तू ज्या बाईच्या स्वतःच्या हातात नाहीत, ती त्या घरात मोकळी नाही, असा माझा अनुभव आहे.

जबाबदाऱ्या तिच्याही आहेत आणि त्या तिला कुणी सांगत नाही, ही तक्रार सासरच्यांची असते. ती रास्त आहे. आधीचं लग्न मोडलेलं नसताना दुसरं केलं तर तो गुन्हा आहे, बाईलाही आणि पुरुषालाही. खोटं नाव, खोटं वय सांगून लग्न करून दागिने घेऊन निघून जाणाऱ्या टोळ्या आहेत. त्यात आपल्या गावातली साधी घरं लुटली गेली आहेत, काही घरांनी त्यासाठी जमीन गहाण ठेवली होती. फसवल्या गेलेल्या मुलाला हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली लग्न रद्द करून मागता येतं आणि पोलिसांत तक्रारही करता येते. लाज वाटते म्हणून ही घरं गप्प बसतात, आणि तोच दलाल पुढच्या गावात जातो. पण अशा चार घटनांवरून गावातल्या प्रत्येक बाहेरच्या सुनेवर कुलूप लावायचं, तिला एकटीला किराणा दुकानातही जाऊ द्यायचं नाही, हे चालणार नाही. तो अन्यायाने अडवून ठेवण्याचा गुन्हा आहे. दोन्ही बाजूंना वाचवणारी गोष्ट एकच आहे. लग्नाआधी केलेली चौकशी आणि लग्नानंतर केलेली नोंद.

लेकरू झालं की २१ दिवसांत जन्मनोंद, लसीकरण, सहाव्या वर्षी शाळा, पाणीपट्टी-घरपट्टी, गावाच्या स्वच्छतेत वाटा, हे सगळं तिनेही पाळायचं आहे. स्त्रीच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणाऱ्या प्रथा सोडून द्यायच्या, हे संविधानाच्या ५१ क मधलं मूलभूत कर्तव्य मात्र आधी तिला "विकतची" म्हणणाऱ्यांचं आहे. मराठी तिने शिकावी, शिकलीच पाहिजे, त्याशिवाय तिचं इथे चालणार नाही. पण ती शिकवायला कुणीतरी बसलं पाहिजे. ज्या गावांत बचत गटाच्या बायांनी अशा सुनेला आठवड्याच्या बैठकीला ओढून नेलं, तिथली सून सहा महिन्यांत मराठीत भांडू लागते, आणि त्या गावातून माझ्याकडे प्रकरण येत नाही. त्या बायांना मी मनापासून मानते.

ग्रामसभेच्या ठरावाने काय होणार, असं काही जण म्हणतील. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांच्या बांगड्या फोडण्या-कुंकू पुसण्याच्या प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनीही तसं करावं असं परिपत्रक काढलं. एका गावाचा ठराव एवढं करू शकतो. तसा ठराव मराठवाड्यातल्या एखाद्या गावाने या सुनांसाठी करावा, ही माझी विनंती आहे.

ठरावात फार काही लिहायची गरज नाही. गावात बाहेरून सून आली की महिनाभरात ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका आणि महिला सदस्या त्या घरी जातील. लग्नाची नोंद, मतदार यादी, रेशनकार्ड आणि बँक खातं यांचे अर्ज तिथेच भरून घेतील. तिच्या माहेरच्या माणसाचा फोन नंबर ग्रामपंचायतीच्या वहीत राहील, आणि ती माहेरी बोलू शकते ना, हे अधूनमधून विचारलं जाईल. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीत ती असेल तर जाण्याआधी तिची नोंद आणि ओळखपत्र झालेलं असेल. नवरा वारला तर वारस नोंदीच्या जबाबात तिचं नाव सांगणं ही सरपंचाची जबाबदारी राहील. आणि पोलीस मदतीचा ११२, महिला हेल्पलाइनचा १८१ आणि विधी सेवेचा १५१०० हे तीन क्रमांक तिला समजेल अशा लिपीत लिहून दिले जातील. हिंदीत लिहिले तरी बहुतेकींना वाचता येतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या मोबाइलमध्ये जतन करून द्या. कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तो मिळण्यासाठी तिने इथला रहिवासी दाखला आणायची गरज नाही.

पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. ज्या गावाला ठरावाचा मसुदा हवा असेल, विवाह नोंदणीचा अर्ज भरायला मदत हवी असेल, त्यांनी आपल्या तालुका विधी सेवा समितीला पत्र पाठवावं. समितीकडून वकील आणि विधी स्वयंसेवक गावात येतात, त्याचे पैसे लागत नाहीत. आमच्या तालुक्यातल्या गावांसाठी मी स्वतः येईन.

आपली,
तालुका न्यायालयातील एक वकील
जिल्हा बीड